डॉक्टरांची केबल

दातांचे डॉक्टर दवाखान्यातून निवृत्त झाले, पण बोलायची हौस निवृत्त झाली नाही. दवाखान्यात त्यांचं छान चालायचं. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून निमूट पडलेला, आणि डॉक्टर बोलताहेत. घरात तशी सोय नव्हती. घरात बायको होती, आणि ती उलट बोलायची.

म्हणून मागच्या खोलीत वायरलेस सेट आला. एक जुनं टेबल, त्यावर सेट, शेजारी काट्याचा छोटा मीटर, आणि खिडकीच्या फटीतून बाहेर पडून भिंतीवरून गच्चीत चढणारी बारीक काळी केबल. तिच्या वरच्या टोकाला आडव्या दांड्यांची अँटेना. डॉक्टर तिला अँटेना म्हणत, बायको तिला कंगवा म्हणे.

या कंगव्यातून डॉक्टरांना एक मित्र मिळाला होता. डोंगरापलीकडच्या गावात राहणारे बेकरीवाले. बेकरी आता त्यांचा मुलगा बघायचा, पण पहाटे उठायची खोड जाते थोडीच! पाव भट्टीतून बाहेर निघाले की सकाळी सातला ते रेडिओवर यायचे आणि डॉक्टर त्यांची वाट बघत बसलेले असायचे. एकाने आयुष्यभर लोकांना गोड खाऊ घातलं आणि दुसऱ्याने ते निस्तरलं, तेव्हा ही जोडी जमणारच होती. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, पावात मीठ किती असावं, यावर दोघं वर्षानुवर्षं बोलत आले. प्रत्यक्ष भेट म्हणाल तर दोनदाच झाली आणि दोन्ही वेळा दोघं अवघडल्यासारखे बसून होते. समोरासमोर त्यांना बोलताच येईना. रेडिओवर एक जण बोलून झालं की 'ओव्हर' म्हणतो, मग दुसरा बोलतो. ही शिस्त दोघांना इतकी अंगवळणी पडली होती की प्रत्यक्षात कुणी कधी थांबायचं, हेच कळत नव्हतं.

आणि मग हे बोलणं तुटलं.

झालं असं, की पाऊस संपल्यावर एके दिवशी बेकरीवाले म्हणाले, "डॉक्टर, तुमचा आवाज हल्ली विहिरीतून आल्यासारखा येतोय. तुमची केबल एकदा बघा बुवा. एवढ्या लांबीला ती बारीक केबल पुरत नाही, मी तेव्हाच सांगितलं होतं. ओव्हर."

आता डॉक्टरांचा स्वभाव म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा. त्यांनी बोलायचं बटण दाबलं, मीटरकडे पाहिलं. काटा कसा डाव्या टोकाला चिकटून बसलेला, एकास एक! हा मीटर सांगतो, की सेटमधून पाठवलेल्या लहरींपैकी किती लहरी अँटेनापाशी अडून मागे फिरल्या. काटा चढला तर समजायचं, वर काहीतरी बिघडलंय. काटा खाली, तर सगळं आलबेल. रेडिओवाल्यांच्या दुनियेत एकास एक म्हणजे वर्गात पहिला नंबर.

"माझा काटा एकास एक आहे, बेकरीवाले," डॉक्टर म्हणाले. "केबल ठणठणीत आहे. तुम्ही तुमचे कान तपासून घ्या. ओव्हर."

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच जीभ चावावीशी वाटली. बेकरीवाल्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. फोनवरचं तर त्यांना काहीच कळायचं नाही. कानावर हेडफोन लावून, डोळे मिटून, रेडिओवरचं तेवढं नीट ऐकू येई. हे त्यांनी फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं, घरी मुलालासुद्धा नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी भांडणात वापरली. त्या दिवशी बेकरीवाले "बरं" एवढंच म्हणाले. पुढचे काही दिवस तुटक-तुटक आवाज आला, आणि मग नुसती खरखर.

डॉक्टरांनी ओळखलं, गडी रुसला. दोनेक आठवडे तेही ताठ राहिले. मग एका सकाळी बायको आंघोळीला गेल्याची खात्री करून त्यांनी दार लावलं, बटण दाबलं, आणि खरखरीला उद्देशून म्हणाले, "बेकरीवाले, कानांबद्दल बोललो ते चुकलं माझं. माफ करा. ओव्हर."

खरखरच आली.

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या मनात अढी बसली. आपण नाक घासलं, तरी समोरचा ढिम्म! तरीही रोज सातला ते सेट लावून बसत. एकदा हाक मारत, काट्याकडे बघत, उत्तर येत नाही म्हणून तोंड वाकडं करत आणि पेपर उघडत. पाच-सहा महिने हेच चाललं. डॉक्टरांना मित्र हवा होता. दिवसभरात पन्नास वेळा त्यांच्या मनात येई, हे बेकरीवाल्यांना सांगायला हवं. आणि मग आठवे, की सांगायला आता कुणी नाही. त्यामुळे ते घरात वाटेल त्यावर चिडत, भाजीत मीठ कमी पडलं तरी आणि बरोबर पडलं तरी.

"त्यांच्या मुलाला फोन करा की," बायको म्हणाली.

"लहान पोरांचं भांडण आहे का, घरच्यांना मध्ये घालायला?"

"नाही ना? मग लहान पोरांसारखं तोंड कशाला फुगवताय?"

"दोष माझ्याकडे नाही. काटा बघ. एकास एक."

"त्या काट्याशीच संसार करा तुम्ही," असं म्हणून ती निघून गेली.

मग घराला रंग द्यायचं निघालं. रंगारी आला, शिडी लावून गच्चीचा कठडा खरवडू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट घासायला आत आला. डॉक्टर नेहमीप्रमाणे सेटपुढे बसलेले. नवा श्रोता मिळाल्याबरोबर त्यांची कळी खुलली. त्यांनी रंगाऱ्याला लहरी म्हणजे काय, अँटेना म्हणजे काय, सगळं समजावलं. बिचारा हातातला पॉलिश पेपर तसाच धरून उभा. बायको त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आता हा काटा बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. "एकास एक! म्हणजे एकूण एक लहर अँटेनातून हवेत गेली. एकही मागे फिरली नाही."

"कुठून गेली म्हणालात?" बायकोने विचारलं.

"अँटेनातून. तुझ्या त्या कंगव्यातून."

"अहो, पण कंगवा तर काल संध्याकाळीच खाली उतरवून ठेवलाय. मीच सांगितलं यांना. कठड्याला रंग द्यायचाय ना?"

"वायरसुद्धा सोडवली मी," रंगारी म्हणाला. "वर नुसतीच लोंबतेय."

डॉक्टरांनी हात भाजल्यासारखं बटण सोडलं. अँटेना नसताना बटण दाबायचं नसतं. सगळ्या लहरी टोकाला आपटून मागे येतात आणि सेट जळायची पाळी येते. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. अँटेना खरंच अंगणातल्या पाण्याच्या टाकीला टेकून निवांत उभी होती आणि केबलचं टोक वाऱ्यावर हलत होतं. त्या टोकाला काहीही जोडलेलं नव्हतं.

मग काटा चढला का नाही?

त्यांनी पुन्हा, अगदी क्षणभर, बटण दाबून पाहिलं. काटा जागचा हलला नाही. एकास एक. अँटेना असताना एकास एक आणि नसतानाही एकास एक. डॉक्टर खुर्चीत बसले. रंगारी चहा पिऊन कामाला लागला, बायको कप घेऊन गेली, तरी ते बसूनच होते.

घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना दिसलं होतं. लहरी मागे फिरत नव्हत्या, कारण त्या वर पोचतच नव्हत्या. केबल त्यांना वाटेतच गिळत होती. चुकून एखादी टोकापर्यंत गेली आणि परतली, तर परतीच्या वाटेवर तीही खलास. मीटरला बिचाऱ्याला काहीच परत येताना दिसत नव्हतं आणि तो खुशाल शंभर टक्के पास म्हणून सांगत होता. जाताना जे झालं तेच येताना. बेकरीवाल्यांचा आवाजही अँटेनातून केबलमध्ये उतरून तिथेच बुडत असणार. तक्रार येत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजणारे पेशंट डॉक्टरांनी जन्मभर पाहिले होते. नस मेली की दात दुखायचा थांबतो, पेशंट खूश होतो, आणि आत कीड निवांत जेवत असते. हे ते रोज दहा जणांना सांगत आले. आणि घरच्या भिंतीवर तेच झालं होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते स्वतःशीच म्हणाले. बेकरीवाल्यांना त्यांनी काय-काय म्हटलं नव्हतं मनातल्या मनात!

दुपारीच ते केबलचा वरचा तुकडा कापून घेऊन केबलच्या दुकानात गेले. अरुंद, खोल दुकान, दोन्ही बाजूंना रिळं लावलेली. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची. डॉक्टर माणसं चेहऱ्याने कमी आणि दातांनी जास्त ओळखत. ती हसली आणि त्यांना वरचा डावा सुळा आठवला.

"डॉक्टर, तुम्ही माझी अक्कलदाढ काढली होती," ती म्हणाली.

"दाढ काढली. अक्कल तुमच्याकडेच ठेवली होती."

"म्हणून तर दुकान चालतंय. बोला, टीव्हीची हवी की रेडिओची?"

"रेडिओची. पन्नास ओहमची."

"हे बरं झालं. लोक पंचाहत्तरची टीव्हीची उचलून नेतात, म्हणतात दिसायला सारखीच आहे. दिसण्यावर जाऊन कुठं सोयरीक होते का? सेट पन्नासचा, अँटेना पन्नासची, तर मधली केबलही पन्नासचीच हवी. नाहीतर प्रत्येक सांध्यावर भांडण."

डॉक्टरांनी कापून आणलेला तुकडा पुढे केला. बाईने पात्याने वरचं काळं आवरण लांबवर चिरलं आणि दोन्ही बाजूंना उलगडलं. बाहेरून आवरण अगदी शाबूत होतं. आत मात्र तांब्याच्या तारांची जाळी, जी नव्या केबलमध्ये लख्ख असते, ती काळी-हिरवी पडली होती. बोटाने चोळली तर भुकटी झाली. बाईने तुकडा उभा धरला आणि खालच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब जमला.

"कीड," डॉक्टर म्हणाले.

"वरच्या जोडाला टेप लावली नव्हती?"

डॉक्टरांची दातखीळ बसली. अँटेनापाशी केबल जोडली तेव्हा चिकट टेप संपली होती. उद्या लावू म्हणाले होते. त्या जोडातून पाणी शिरलं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जाळीतून भिंतभर झिरपलं. 'उद्या' म्हणणाऱ्या पेशंटांना डॉक्टर खुर्चीत बसवून रागावत असत.

"राहिली," ते म्हणाले.

बाईने तीन तुकडे काउंटरवर मांडले. "ही बारीक, तुमच्या जुन्या केबलसारखी. हवी तशी वळते, म्हणून लोकांना आवडते. पण ती टेबलावर, दोन पेट्या जोडायला. लांबवर नेलीत की कोरडी असली तरी वाटेत निम्मं-अधिक खाते. जेवढी लांबी तेवढी भूक, आणि जेवढी फ्रिक्वेन्सी वर तेवढी आणखी भूक. ही अंगठ्याएवढी जाड. खाते सगळ्यात कमी, पण वळायचं नाव नको. मोठ्या टॉवरला ठीक. आणि ही करंगळीएवढी. आत फेसाचं प्लास्टिक, वर पन्नी, पन्नीवर दाट जाळी, आणि उन्हात न तडकणारं आवरण. तुमच्या घराला ही बस्स."

डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी या विषयावर दुसऱ्यांना व्याख्यानं दिली होती. तरी ते गुपचूप ऐकून घेत होते, कारण हेच सगळं बेकरीवाल्यांनी त्यांना केबल घेतानाच सांगितलं होतं, याच क्रमाने, फक्त 'ओव्हर' म्हणून.

"करंगळीवाली द्या," ते म्हणाले. "आणि टेप. दोन रिळं."

घरी आल्यावर खरी अडचण उभी राहिली. करंगळीएवढी केबल खिडकीच्या फटीतून जाईना. दाबून चेपली असती तर आतली तार मधोमध राहिली नसती, आणि ती मधोमध राहणं हाच तर या केबलचा जीव. म्हणजे भिंतीला भोक पाडणं आलं. आणि या घरात डॉक्टरांना भोक पाडायला बंदी होती. मागे एकदा त्यांनी ड्रिल घेतलं, ते नेमकं भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात घुसलं आणि बायकोच्या कपाटातले सगळे कपडे भिजले. माणसांच्या दातांना हजारो भोकं पाडलेल्या हाताने भिंतीला एक धड पाडता आलं नाही, हे ती येईल त्या पाहुण्याला सांगे. म्हणून तर तेव्हा बारीक केबल आणली होती. बेकरीवाल्यांना मात्र त्यांनी सांगितलं होतं, की बारीक केबलच चांगली असते.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"ते रुसले नव्हते," ते म्हणाले. "माझीच केबल सडली होती. मी माफी मागितली तीही तिच्यातच सडली असणार."

बायकोने हातातलं काम थांबवलं. "माफी मागितलीत? तुम्ही?"

"मागितली. दार लावून."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "चला. पाइप कुठून जातो ते मी दाखवते. पण भोक रंगारी पाडेल. तुम्ही ड्रिलला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काम झालं. रंगाऱ्याने बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं भोक पाडलं, म्हणजे पाणी आत येणार नाही. केबल भोकात शिरण्याआधी डॉक्टरांनी तिला खाली एक झोळ दिला, की पाऊस झोळावरून ठिबकून जावा. कोपऱ्यावर तिला काटकोनात न मोडता ऐसपैस वळवलं. कठड्याचा रंग वाळला होता. कंगवा पुन्हा वर चढला. वरच्या जोडाला डॉक्टरांनी स्वतः टेप गुंडाळली, ताणून, खालून वर, एका वेढ्यावर अर्धा वेढा चढवत. एक थर झाला, दुसरा झाला. तिसऱ्यालाही सुरुवात केली तेव्हा रंगारी म्हणाला, "डॉक्टर, बास की, बाळाला उकडेल आता."

खाली येऊन त्यांनी मीटर पाहिला. काटा जरासा वर होता. एकास दीड. इतकी वर्षं त्यांनी असा काटा पाहिला असता तर त्यांना जेवण गेलं नसतं. आता तो त्यांना मोठा प्रामाणिक वाटला.

त्यानंतरच्या सकाळी ते सातच्या आधीच सेटपुढे बसले, पण सेट लावेनात. सगळं नीट झालं होतं, आणि आता खरी भीती वाटत होती. इतके दिवस दोष कुणाचाही असला तरी एक आशा होती. आता केबल चांगली आहे, आणि तरी खरखरच आली तर? बेकरीवाल्यांनी कंटाळून रेडिओ गुंडाळून ठेवला असेल तर? त्यांचं वयही काही कमी नव्हतं. बायको शेजारी स्टूल घेऊन बसली. तिने काही न बोलता हात पुढे केला आणि सेटचं बटण फिरवलं.

खोलीभर आवाज आला. इतका मोठा, की दोघंही दचकले.

"... आणि धुकं तर इतकं, की समोरचं झाड दिसत नाही. पाव आज बरे फुगलेत. पोरगा मीठ कमी टाकतो, तुम्हाला सांगतो, ऐकत नाही. हे झालं माझं. आता तुम्ही बोला डॉक्टर. ओव्हर."

आवाज थांबला. डॉक्टरांचा हात बटणावर होता, पण ते दाबलं जाईना. पलीकडे बेकरीवाले थांबले होते. नुसते थांबले नव्हते, एखाद्याचं लांबलचक बोलणं मन लावून ऐकावं तितका वेळ थांबले होते.

मग ते पुन्हा बोलू लागले. "बरं, बरं. तुम्ही काय बोललात ते आजही ऐकू आलं नाही डॉक्टर. पोराला शेवटी सांगून टाकलं मी कानांचं. तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. त्याने नवं मशीन आणून दिलं, तेही घालून बसलोय. घरातलं सगळं ऐकू येतं, तुम्ही तेवढे येत नाही. पण तुमचा काटा एकास एक आहे, म्हणजे तुम्ही येत असणारच. म्हणून मी आपला रोज येतो, आणि तुमच्या पाळीला थांबतो. मध्येच बोललो तर तुम्हाला आवडत नाही. ओव्हर."

पुन्हा ती शांतता. डॉक्टरांची पाळी. महिनोन्महिने रोज सकाळी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली.

डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. बायकोने कोपराने ढोसलं. "अहो, दाबा की!"

त्यांनी बटण दाबलं.

"बेकरीवाले," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं त्यापेक्षा फारच जोरात म्हणाले, "तुमचे कान ठणठणीत आहेत! माझी केबल सडली होती. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही. बहिरा मी होतो. ओव्हर!"

बटण दाबल्याची खट्ट आली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी नाक शिंकरलं.

मग बेकरीवाले म्हणाले, "डॉक्टर, एवढं ओरडताय कशाला? मी काय बहिरा आहे? ओव्हर."